समुद्राचा बारदाना

मूल गावच्या राइस मिलमध्ये इस्तारी मापाऱ्यानं तीस वर्षं काट्यावर काढली. पोरीला त्यानं जमीन दिली नाही, दागिना दिला नाही. एक सवय तेवढी दिली. सकाळी काटा मांडला की आधी शिक्क्याचं वजन ठेवून बघायचं, मग कोणाचा माल घ्यायचा. वजन बरोबर दाखवलं तर काटा खरा. नाही दाखवलं तर समोर मालक असो का आमदार, "थांबा जी" म्हणायचं आणि बसून राहायचं.

म्हणून २००९च्या एप्रिलात त्याची पोर अन्नपूर्णा दहा दिवसांच्या रोजंदारीवर कॉम्प्युटर चालवायला गडचिरोलीच्या पार टोकाला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन ड्रेस होते, कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि वीस किलोचं लोखंडी वजन होतं. एसटीच्या कंडक्टरनं पिशवी सरकवायला हात घातला आणि ओरडलाच, "काय बाई, जातं नेऊन राह्यली काय माहेरचं?"

काम निवडणुकीचं होतं. आतल्या गावांना रस्ता नाही, आणि जिथं आहे तिथं त्याच्या पोटात सुरुंग. झाडाझाडांवर बहिष्काराची पत्रकं. तेव्हा मतदानाची मशिनं आणि माणसं हेलिकॉप्टरनं न्यायची, हेलिकॉप्टरनंच आणायची. शाळेच्या मैदानावर चुन्यानं गोल आखला होता. बाजूच्या वर्गात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, खाली डिजिटल काटा. माणसाला काट्यावर उभं करायचं, नाव आणि वजन भरायचं, यादी छापायची. यादीवर गुणवंतराव सही करणार, मग कॅप्टन उडणार. यादीत नाव नाही तो माणूस हेलिकॉप्टरला शिवायचा नाही, हा सुरक्षेचा नियम. गुणवंतराव नायब तहसीलदार. माणूस वाईट नव्हता, पण छापील कागद दिसला की त्याचे हात आपोआप जुळायचे.

आता तो प्रोग्राम. तो काही गडचिरोलीसाठी जन्माला आला नव्हता. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात, तिथं रोज माणसं हेलिकॉप्टरनं जातात-येतात, त्यांच्यासाठी तो बनवलेला. हेलिकॉप्टर भाड्यानं आलं आणि नवरीमागून पाठराखीण यावी तसा प्रोग्राम मागून आला. त्याच्यासोबत कंपनीचा माणूस आला, उरणचा ठाकूर. पहिल्या दिवशी त्यानं एका चौकटीत 'समुद्र' होतं तिथं 'जमीन' केलं आणि म्हणाला, "झालं. आता हा तुमचा."

अन्नपूर्णानं आपलं वजन काढून काट्यावर ठेवलं. वीस पूर्णांक शून्य. गुणवंतराव पोट धरून हसले. "पोरी, हे काय धान हाय? माणसं हायत!"

"धान असतं तं एखादा किलो इकडंतिकडं चाललं असतं, साहेब," ती म्हणाली. "माणसं हायत म्हणूनच पाहून राह्यली."

मतदानाच्या दिवशी सकाळी शेवटची खेप कोरमपल्लीची होती. सात माणसं. त्यांत शेवटचा डोमाभाऊ, तालुक्याच्या शाळेतला शिपाई, पंचावन्नच्या पुढचा. उजव्या पायाला हत्तीरोग. पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला, पायात चप्पल जाईना म्हणून टायरचा पट्टा बांधलेला. काट्यावर चढताना तोच हसून म्हणाला, "पोरी, या पायाचं वजन येगळं धरतं काय?"

"पाय तुमच्या संगंच येते ना भाऊ? मंग संगंच धरलं. पायासकट अठ्ठावन्न."

"पाहा बाप्पा. येताना विसरजो नोको."

"नाई विसरत जी. नेलं तेवढं मोजून परत घेऊ."

बोलायला काय, बोलून गेली. सात माणसं आणि सामान मिळून पाचशे शहाण्णव किलो. त्या उन्हात सहाशे वीसपर्यंत चालतं असं कॅप्टननं सांगितलं होतं. हेलिकॉप्टर धुरळा उडवत गेलं आणि माणसं उतरवून परत आलं.

दुपारी ठाकूरनं डेटाकार्ड खिडकीच्या गजाला बांधलं आणि मुंबईहून नवं अपडेट उतरवून घेतलं. "सुरक्षेचं आहे," म्हणाला, "आज लावलंच पाहिजे, वरून हुकूम आहे." तासभर पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. अन्नपूर्णा डबा खात बघत बसली. चालू गाड्याचं चाक काऊन बदलून राह्यला हा बाबा, असं तिच्या मनात आलं, पण रोजंदारीच्या माणसानं मनातलं मनात ठेवावं हेही तिला शिकवलेलं होतं.

तीनला मतदान संपलं. बाकीच्या गावांची माणसं आली; त्या खेपा हलक्या होत्या, कुठं अडलं नाही. साडेपाचला कोरमपल्लीची परतीची यादी सकाळच्याच वजनांवरून काढायची होती. ती शेवटची खेप; त्यानंतर उजेड राहणार नव्हता. अन्नपूर्णानं बटण दाबलं. यादी छापून आली. सहा नावं. खाली लाल चौकटीत सातवं: डोमा, शिपाई, वजन मर्यादेबाहेर, प्रवास नाकारला.

"असं कसं?" ती म्हणाली. "सातच तं गेले होते."

ठाकूर वाकून बघू लागला. "ओव्हरलोड दाखवतंय. सहाशे बावन्न होतात. मग हुद्द्यानं जो सर्वांत खालचा, त्याला कमी करतं. नवीन नियम आहे तो."

"सकाळी पाचशे शहाण्णव होते. तेच लोक, तेच मशिनं. दिवसभरात त्यायनं काय गोटे खाल्ले काय तिथी?"

"अपडेटमध्ये हिशेब जास्त कडक केलाय. जास्त सुरक्षित."

गुणवंतरावांनी यादी हातात घेतली. हात जुळायच्या बेतात होतेच. "राहू दे मंग एकाले. पोलीस पार्टी तिथी हायच ना. रात्री ते पायदळ निघतीन, त्यायच्या संग येऊन जाईन डोमा."

पायदळ! कोरमपल्लीहून चाळीस किलोमीटर, रात्रीचं, जंगलातून, रस्ता सोडून, कारण रस्त्यात सुरुंग. धडधाकट जवानाचा दम निघतो तिथं. आणि डोमाभाऊ? त्याला शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत यायला दोनदा थांबावं लागतं. जवान त्याच्यासाठी थांबले तर सगळेच गोत्यात, नाही थांबले तर तो एकटा.

चिंचेखाली पत्रू हवालदार वायरलेस घेऊन बसला होता. यादी आतल्या गावाला तोच वाचून दाखवायचा. खरखर झाली, आणि तिकडच्या जवानाच्या आवाजामागून एक ओळखीचा आवाज आला, "पाहा ना जी, मायं नाव हाय ना लिस्टात?"

पत्रूनं अन्नपूर्णाकडं पाहिलं. 

अन्नपूर्णाचं डोकं सणकलं. तिनं गुणवंतरावांच्या हातून यादी ओढून घेतली. हो, ओढूनच घेतली. सकाळची वजनं तिला पाठ होती, मापाऱ्याच्या पोरीला ती पाठ होतातच. केंद्राध्यक्ष मास्तर एकाहत्तर होते, इथं एकोणऐंशी. अंगणवाडीच्या देवकाबाई एकावन्न, इथं एकोणसाठ. डोमाभाऊ अठ्ठावन्नचा सहासष्ट. मास्तरला आठ, बाईला आठ, शिपायाला आठ.

"बारदाना हाय हा!" ती ओरडली.

"काय?" ठाकूरला कळेना.

"बारदाना. धानाचं पोतं काट्यावर ठेवलं का धानासंग खाली पोत्याचंही वजन येते. ते कापा लागते. माणसं कधी सारखे फुगत नाई, साहेब. एक मास्तर लठ्ठ, एक बाई हलकी, अन सगळ्यायले बरोबर आठ-आठ? सारखं वाढते तो बारदानाच राह्यते. तुमच्या समुद्रावर जाणाऱ्याच्या अंगावर काय असते, सांगा."

ठाकूर थबकला. "लाइफ जॅकेट. पाण्यात पडलं तर श्वासाची छोटी बाटली. तराफ्याच्या वजनाचा वाटा..." मग त्याचा आवाजच बारीक झाला. "आठ किलो."

"त्या चौकटीत पाहा बरं."

त्यानं पाहिलं. 'जमीन' गेलं होतं. अपडेटनं पुन्हा 'समुद्र' करून ठेवलं होतं. कोरमपल्लीच्या सात माणसांना, जिथं एप्रिलात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं लाइफ जॅकेट घालून बसवलं होतं प्रोग्रामनं. आणि त्या नसलेल्या जॅकेटांपायी जितं माणूस खाली उतरवलं होतं.

"करा मंग दुरुस्त!"

"चौकट बंद केलीय नव्या अपडेटनं. पासवर्ड मुंबईला." त्यानं फोन कानाला लावला, मैदानभर फिरला, भिंतीवर चढला. दुपारची रेंज गेली होती, फोन काही लागला नाही. पाऊण तास उजेड उरला होता.

"आता काय करता मंग?" गुणवंतराव घाम पुसत म्हणाले. "चूक कळली, मान्य हाय. पण छापील यादीत सहाच हायत. मी सहाच्याच यादीवर सही करू शकतो. उद्या काही झालं तं मायी मान जाईन."

"अन आज काही झालं तं डोमाभाऊची. तिचा भाव कमी हाय काय?"

"अन्नपूर्णा! रोजंदारीवर हायेस तू. तोंड सांभाळ, नाईतं उद्यापासून येऊ नको."

इथं दुसरी कोणी असती तर गप बसली असती. तीही बसली असती, एरवी. पण नेलं तेवढं मोजून आणू, असं तिनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं, आणि इस्तारी मापाऱ्याच्या घरात दिलेलं माप कोणी फिरवत नसे. तिनं वहीचा कागद फाडला. मिलमध्ये बाप लिहायचा तशी चिठ्ठी लिहिली: एकूण ६५२. बारदाना ७ गुणिले ८, वजा ५६. निव्वळ ५९६. खाली सातही नावं, डोमाभाऊचं सगळ्यात वर. आणि त्याखाली स्वतःची सही, पूर्ण नावानिशी.

मग एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात वीस किलोचं वजन घेऊन ती निघाली. फाटकावरच्या जवानानं अडवलं. "काटा तपासाचा हाय," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. पत्रू हवालदारानं चिंचेखालूनच हात केला, "जाऊ दे रे तिले."

कॅप्टन हेलिकॉप्टरच्या सावलीत पाणी पीत होता. पांढऱ्या मिशांचा, फौजेतून निवृत्त झालेला माणूस. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"लिस्ट तो छपी हुई चाहिए," तो म्हणाला. "और ये वजन सही है, ये मैं कैसे मानूं?"

"चला, दाखवते."

तो आला. वर्गात गुणवंतराव उभे, ठाकूर उभा. तिनं काट्यावर लोखंडी वजन ठेवलं. त्यावर सरकारी शिक्का होता. वीस पूर्णांक शून्य.

"सकाळी याच काट्यावर सातही लोक चढले. मीच चढवले. हा काटा खरा हाय. तुमचा कॉम्प्युटर जे आठ-आठ किलो जोडून राह्यला, ते कोणाच्या अंगावर हाय ते दाखवा मले. दाखवा, अन मी गप बसते."

कॅप्टननं ठाकूरकडं पाहिलं. ठाकूरनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा त्या वजनाकडं. "बरोबर बोलतेय ती," तो शेवटी म्हणाला. "चूक आमच्या अपडेटची आहे. लिहून देतो."

त्यानं चिठ्ठीवर सही केली. कॅप्टननं खिशातून पेन काढला, त्याखाली आपली केली आणि म्हणाला, "जहाज में कौन बैठेगा, ये आखिर में मैं तय करता हूं. सातों आएंगे." गुणवंतराव खुर्चीत बसले आणि टोपीनं वारा घेऊ लागले.

चिंचेखाली पत्रूचा आवाज चढला, मैदानाच्या पार गेला. "कोरमपल्ली, कोरमपल्ली! सात. सातही घ्या. डोमाचं नाव पह्यलं हाय, सांगा त्याले!"

सूर्य शाळेच्या कौलांना टेकला तेव्हा आवाज आला. अन्नपूर्णा चुन्याच्या रेघेवर उभी होती. धुरळा बसला, दार उघडलं, एकेक माणूस उतरू लागलं. मास्तर. देवकाबाई. मशिनं. मग टायरचा पट्टा बांधलेला एक जाड पाय बाहेर आला आणि जमीन चाचपू लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते ओढणीनं पुसलं आणि धुळीला शिवी घातली.

आत कॉम्प्युटरवर लाल चौकट अजून होती. प्रोग्रामच्या लेखी सहाच माणसं आली होती, सातवा तिथंच होता. गुणवंतराव त्या चौकटीकडं आणि दारातून लंगडत येणाऱ्या डोमाकडं आळीपाळीनं बघत होते.

"या भाऊ, चढा काट्यावर," अन्नपूर्णा म्हणाली.

"आता काहाले वो? आलो ना मी!"

"चढा म्हणते ना. मोजून आणू म्हटलं होतं."

तो चढला. सत्तावन्न किलो पाचशे ग्रॅम. तिनं आकडा चिठ्ठीवर डोमाच्या नावासमोर लिहिला आणि चिठ्ठी गुणवंतरावांपुढं सरकवली.

"अर्धा किलो घट," ती म्हणाली. "दिवसभराच्या उनाची हाय, तेवढी मिलमध्येही माफ राह्यते. बाकी माल पुरा पोचला. सही करा जी."

गुणवंतरावांनी चिठ्ठी उचलली. छापील नव्हती ती. वहीचा फाटका कागद, त्यावर पोरीचं तिरकं अक्षर. त्यांनी पेन मागितला.