तेवीस रिकाम्या बाटल्या

कंपनी बुडाल्याचं पत्र मैनाने तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा कंपनी बुडालेलीच निघाली.

पत्र छापील होतं. 'रूपगंधा केशतेल कंपनी'ला आपल्या सर्व विक्रेत्या भगिनींना कळवताना खेद होत होता, अडचणी अपरिहार्य होत्या, आणि तळाशी भगिनींना उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा होत्या. स्वतः गटांगळ्या खाताना दुसऱ्याला शुभेच्छा द्यायला मोठं मन लागतं, नाहीतर छापखाना तरी लागतो. मैनाने पत्राची घडी करून पोलक्यात खोचली आणि सासूला सांगितलं, "नवा माल यायला उशीर हाय."

ही गोष्ट सत्तावन्न सालच्या पौषातली. मैना पनवेलच्या वेशीवरच्या आगरी वस्तीत राहायची. नवरा जगन वर्षाचे आठ महिने मिठागरावर असायचा, त्यामुळे घरात राज्य सासूचं, कृष्णाबाईंचं. कृष्णाबाईंचा एक कायदा होता. बाई रस्त्यात दिसली तर तिच्या डोक्यावर काहीतरी असलं पाहिजे: हंडा, मोळी, नाहीतर मिठाची पाटी. मोकळ्या हातांनी रस्त्याला लागलेली बाई म्हणजे वाया गेलेली बाई. चार वर्षांपूर्वी कंपनीचे इन्स्पेक्टर चौथी पास बाया शोधत वस्तीत आले आणि मैनाच्या खांद्याला निळी पिशवी अडकवून गेले. कंपनीची नोकरी म्हणजे सरकारी नोकरीची धाकटी बहीण, असं कृष्णाबाईंनी स्वतःच ठरवलं आणि ती पिशवी कायद्यात बसवून घेतली.

रूपगंधा तेल दुकानात मिळत नसे. बाईनेच बाईच्या दारी जायचं, माजघरात बसायचं, तिच्या केसांना हात लावून तेल दाखवायचं, अशी कंपनीची रीत होती. पुरुष विक्रेता जिथे ओसरीवरूनच परत फिरला असता, तिथे मैना थेट चुलीपर्यंत जायची. बाटली मात्र घराला एकदाच मिळायची. महिना संपला की ती रिकामी घेऊन यायचं आणि पुढच्या खेपेला कंपनीच्या डब्यातून भरून न्यायचं. एकीची बाटली दुसरीला चालत नसे, म्हणून प्रत्येकीने आपल्या बाटलीच्या गळ्याला आपला दोरा बांधला होता. वकिलीणबाईंचा पांढरा, मोहल्ल्यातल्या सकीनाबींचा हिरवा, गव्हाण गावच्या जनीचा जाळ्याच्या सुताचा.

दार वाजवल्यावर म्हणायचं वाक्यही कंपनीचंच होतं. "नमस्कार, आपले केस हेच आपले वैभव, मी रूपगंधा कंपनीतर्फे आपल्या सेवेस हजर आहे." मैनाच्या तोंडी ते वाक्य उसन्या पातळासारखं दिसायचं. पहिल्याच महिन्यात तिने ते कापून एका शब्दावर आणलं. आतून "कोण?" आलं की बाहेरून "कंपनी!" गव्हाणला तर पोरं लांबूनच ओरडायची, "कंपनी आली, कंपनी आली!"

पत्र आल्यानंतरचे दोन दिवस मैना रोजच्या वेळेला रिकामी पिशवी घेऊन निघाली आणि वडाळे तळ्याच्या पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या हौसाने विचारलं, "काय गो, कंपनीनं आता माशांना तेल लावायचं काढलंय का?" मैना उठली आणि घरी येऊन तिने सासूला खरं काय ते सांगून टाकलं.

"बुडली तर बुडली," कृष्णाबाई म्हणाल्या. "चार वरसं फिरलीस, पाय दुखले असतील. आता घरात बस."

त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, पण मैनाचं मन घरात बसेना. गेलेल्या पैशापेक्षा तिला जास्त वाटत होतं ते त्या तेवीस दारांचं. त्या दारांमागे तिला पाट मिळत होता, पाणी मिळत होतं, आणि कुणाची लेक नांदत नाही, कुणाला पाळी येत नाही, हे ज्या बायका सख्ख्या बहिणीला सांगत नसत त्या केस तिच्या हातात देऊन तिला सांगत होत्या. आता ती कुठल्या तोंडाने जाणार? कंपनी नाही, मग कोण म्हणून जाणार?

घरात बसायचं ठरलं खरं, पण फळीवर तेवीस रिकाम्या बाटल्या बसल्या होत्या. भरायला म्हणून आणलेल्या, आणि भरायचं तेल आता येणार नव्हतं. दोन दिवस कृष्णाबाई येता-जाता त्यांच्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"दुसऱ्याची रिकामी भांडी घरात ठेवू नयेत गो. बरकत जाते. ज्याची त्याला देऊन ये."

"जाते की," मैना पदर खोचत म्हणाली.

"थांब! रिकामी देशील? सणावाराला शेजारीण वाटीभर खीर पाठवते, तिची वाटी आपन रिकामी धाडतो का कदी? चिमूटभर मीठ तरी घालतो."

"मग मूठभर तांदूळ घालू?"

"तेलकट बाटलीत तांदूळ? लोक तोंडात शेन घालतील."

एवढं बोलून कृष्णाबाई स्वतःच्याच कायद्यात अडकल्या. बाटल्या घरात ठेवायच्या नाहीत, रिकाम्या परत द्यायच्या नाहीत, आणि तेलाच्या बाटलीत तेलाशिवाय दुसरं काही घालायचं नाही. सून मान खाली घालून उभी राहिली, कारण मान वर केली असती तर हसू दिसलं असतं.

"माझी आय माक्याचं तेल कढवायची," फळीकडे बघत कृष्णाबाई म्हणाल्या. "विहिरीच्या पाटाला माका हाय. एकदाच करायचं. बाटल्या द्यायच्या आनि मोकळं व्हायचं."

घाण्यावरून खोबरेल आलं. मैनाने माका वाटून रस काढला, कृष्णाबाईंनी जास्वंदीची फुलं आणि मेथीदाणे टाकले, आणि तेल मंद जाळावर चढलं. पाण्याचा अंश आहे तोवर तेल चरचरत राहतं. ती चरचर थांबली की लगेच उतरायचं, नाहीतर करपतं. कृष्णाबाई डोळे मिटून नुसत्या कानांनी तेल करत होत्या. सासूला हे येतं हे मैनाला सात वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. कंपनीचं तेल गुलाबी होतं आणि अत्तराचा घमघमाट करायचं. हे निघालं काळपट हिरवं, आणि त्याला वास आला बांधावरच्या गवताचा.

संध्याकाळी धाकटा दीर दयाराम आला. तो बाजारात एका किराणा दुकानात कामाला होता, आणि दुकानदारीची अक्कल त्याने मालकापेक्षा जास्त उचलली होती. "वहिनी, पेटीत कंपनीची लेबलं शिल्लक हायत ना? मग झालं. चिकटवा आनि द्या. तेलाचा रंग बदलला, कंपनीनं नवीन काढलंय म्हना. कंपनी मेली हे गव्हाणला कोन सांगायला जातंय?"

मैनाने पेटी उघडली. लेबलांवरची बाई गुडघ्यापर्यंतचे केस सोडून हसत होती. मैनाला मोह झाला, आणि चांगला घटकाभर झाला. लेबल असलं की कुठलंच दार अडणार नव्हतं. पण ज्या बायकांनी तिच्यापासून काही लपवलं नाही, त्यांच्या डोक्यावर खोटं कसं ओतायचं? तिने पाणी तापवलं, राख घेतली आणि बाटल्यांवरची जुनी लेबलंसुद्धा घासून काढली. काही ठिकाणी खळीचे डाग राहिले ते राहिलेच.

दुसऱ्या दिवशी उरणच्या गाडीने ती गव्हाणला उतरली. पोरं ओरडली, "कंपनी आली!" मैना म्हणाली, "कंपनी मेली रे. मी आली." पोरांना त्यातलं काही कळलं नाही, पण ती मागे लागलीच. जनीने बाटली हुंगली, बोटावर तेल घेतलं आणि म्हणाली, "हे तर आमचे आजीचं तेल. ह्याच्यासाठी तू गाडीभाडं खर्चून आलीस होय?" नऊ घरांतल्या पाचजणींनी ठेवून घेतलं, तिघींनी तोंड वाकडं केलं, आणि एकीने कंपनी बुडाल्याबद्दल मैनालाच चार शब्द सुनावले.

पनवेलात वकिलीणबाईंनी बाटली उंच धरून चारी बाजूंनी पाहिली. "लेबल नाही?"

"घरचं आहे, बाई. कंपनी बंद झाली."

"मग भरवसा कुणाचा धरायचा?"

चार वर्षं दर महिन्याला ह्याच बाईंचे केस मैनाने विंचरले होते. तिला लागलं. पण ती एवढंच म्हणाली, "पैसे नकोत. रिकामी बाटली परत द्यायची नसते, म्हणून भरून आणली." वकिलीणबाईंनी बाटली खिडकीत ठेवली आणि पांढरा दोरा सोडून टाकला. पुढल्या महिन्याला यायचं नाही, हे त्यांनी न बोलता सांगितलं.

सकीनाबींचं घर तिने पनवेलच्या घरांत शेवटी ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी पहिलं दार त्यांनीच उघडलं होतं, आणि तेच बंद झालं तर तिला सहन होणार नव्हतं. सकीनाबी एकट्याच असायच्या. मुलगा अब्दुल्ला बोटीवर होता, वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचा. मैनाने कडी वाजवली.

"कोण?"

सवयीने जीभ 'कं'वर गेली आणि तिथेच अडली. "मी. मैना."

आतून आवाज आला, "कोण मैना?"

मैनाला रडू की हसू कळेना. चार वर्षं ह्या घरचं पाणी प्यायली, आणि नाव सांगायचं राहूनच गेलं होतं. तिला आता आपली ओळख काय द्यावी ते सुचेना. "ती हो... महिन्याच्या महिन्याला येते ती. तुमच्या झोपाळ्यावर बसते. शिऱ्यात वेलची जास्त झाली म्हणाली होती ती."

दार धाडकन उघडलं. "अगं मग असं सांग ना, बेटी! कंपनी, कंपनी करत यायचीस. मला वाटायचं, तुमच्यात असं नाव ठेवत असतील."

मैना झोपाळ्यावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. पत्र सांगितलं, माका सांगितला, वकिलीणबाईंचा पांढरा दोराही सांगितला. मग हिरव्या दोऱ्याची बाटली पुढे केली. "तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. राग नाही."

सकीनाबींनी बाटली मांडीवर ठेवली. मग उठून दार लोटलं, आणि डोक्यावरची ओढणी काढली. मैनाने ती ओढणी कधी डोक्यावरून ढळलेली पाहिली नव्हती. ह्या एकाच घरी तिने केसांना हात लावला नव्हता. शरम वाटत असेल म्हणून कधी आग्रहही केला नव्हता. ओढणीखाली केस नव्हतेच. कानांमागे चार पांढऱ्या बटा होत्या, बस्स.

"अब्दुल्लाच्या पाठीवरची मुलगी गेली, त्याच तापात माझे केस गेले," सकीनाबी म्हणाल्या. "परत आले नाहीत. तुझं तेल मोहल्ल्यातल्या पोरींनी लावलं. मी एक थेंब नाही लावला."

"मग चार वर्षं घेतलंत कशाला?"

"ह्या दारातनं माझ्याकडे दुसरं कोण येत होतं?"

मैनाच्या डोळ्यांना धार लागली. तिला वाटत होतं, पिशवीने दार उघडतं. आठवडाभर ती त्या पिशवीला रडत होती, आणि इथे एक बाई नुसती तिची वाट बघायला तेल विकत घेत होती. सकीनाबींनी ओढणी परत नीट घेतली, मैनाचे डोळे त्याच ओढणीच्या टोकाने पुसले आणि आत गेल्या. तेल स्वतःच्या बरणीत ओतून बाहेर आल्या तेव्हा बाटलीत बोटभर लवंगा होत्या.

"अब्दुल्लाने आणल्यात. रिकामी बाटली द्यायची नसते हे आमच्यातही आहे. आणि ऐक, पुढच्या वेळी नाव सांगून ये. नाहीतर मी पुन्हा विसरेन."

घरी आल्यावर मैनाने ती बाटली फळीवर ठेवली. शेजारी आपटा गावच्या सात भरलेल्या बाटल्या अजून न्यायच्या होत्या. कृष्णाबाईंनी बाटली उचलून उजेडाला धरली. "ही परत कशी आली? कोनाची?"

"सकीनाबींची. पुढल्या महिन्याला..." मैना मध्येच थांबली. एकदाच करायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं.

कृष्णाबाईंनी लवंगा तळहातावर ओतल्या. हुंगल्या. हिरव्या दोऱ्याला हात लावून पाहिला.

"ह्या पुढल्या तेलात टाकू," त्या म्हणाल्या. "वास येईल. पाटावरचा माका संपलाय. उद्या आपट्याला जाशील ना, तवा नदीच्या काठाचा घेऊन ये. तिकरं चांगला असतो."