कडेला लिहिलेलं नाव

सवत मेली म्हणजे सुटलो असं ज्यांना वाटतं, त्यांना सवत नसावी. माझी तर परवा माझ्याच टेबलावर येऊन बसली.

झालं असं, मुलीचं लग्न ठरलं. मुलगी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची, पण रांगत होती तेव्हापासून माझ्या कडेवर वाढलेली. पहिलीच्या माहेरचं एक हिब्रू प्रार्थनापुस्तक आहे, छापखाने नवे होते त्या काळातलं. आईकडून लेकीकडे जातं. आता ते हिचं. पानं सुटली होती आणि मी बाइंडर, म्हणून घेऊन आली. "आई, तूच शिव. दुसऱ्याच्या हातात नको." ऐकून मी अशी फुगले की विचारू नका.

पुस्तक उजवीकडून उघडतं. पहिल्याच पानावर मालकिणींच्या नावांची दाटी. प्रत्येकीने आपलं नाव घालायचं, नाहीतर उद्या बाजारातून कोणीतरी उठेल आणि माझं म्हणेल, अशी जुनी रीत. पोरीला माझी म्हणणारा तो बाजारातला कोणीतरी म्हणजे मी. सगळ्यात खाली, अगदी कडेला, निळ्या शाईत सवतीचं नाव. अक्षर चांगलं होतं मेलीचं.

जुने बाइंडर दर वेळी कडा छाटायचे. त्यात कितीतरी जणींची नावं अर्धी झालीत. आता आम्ही छाटत नाही. पण मी छाटली असती तर कोण विचारणार होतं? कडा कुजली होती म्हणून सांगितलं असतं, विषय संपला. मी पट्टी लावली, सुरी धरली. पोरीची दुखणी काढली मी, शाळेच्या दारात उभी राहिले मी, आणि पुस्तकात नाव सवतीचं.

पण कापलं नाही. थोरपणा वगैरे काही नाही. त्या नावाखाली बोटभर जागा होती, नाव कापलं तर तीही गेली असती; तिथे माझ्या पोरीचं नाव यायचं होतं. सुरी ठेवली आणि स्वतःवरच खूश झाले.

संध्याकाळी पोरगी आली. लग्नाच्या कपड्यांचे फोटो दाखवायला फोन माझ्या हातात दिला. मी एकेक सरकवत गेले. दोन झग्यांच्या मध्ये तेच पान, निळ्या नावासकट.

"हा कधी काढलास?"

"तुला पुस्तक द्यायच्या आधी."

"कशाला?"

ती म्हणाली, "आई, त्या नावाकडे तू कशी बघतेस ते मी लहानपणापासून बघतेय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरवलं मी, वाढवलं मी, आणि ही राखण करतेय सवतीच्या नावाची. ओठांवर आलं होतं सगळं. पण पोरीच्या बोलण्यात खोटं काय होतं?

पोरीचे डोळे भरले. "चुकलं माझं. फोटो पुसून टाकते," म्हणत तिने फोन ओढून घेतला.

मी तिचा हात धरला. "राहू दे," म्हटलं. "शिवण बाकी आहे. पुस्तक अजून दोन दिवस माझ्याकडेच आहे."