त्रेचाळीस वर्षांची बाटली

मी कंजूष नाही हो! पण वस्तूच तशी होती. माझा रॉबिन स्कॉटलंडला नर्स आहे, त्यानं आणलेली. "पप्पा, तुम्ही नि सहादेवकाका मिळून प्या," म्हणाला. धान्याची व्हिस्की, त्रेचाळीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. जिथं गाळली ती डिस्टिलरी कधीच बंद पडून जमीनदोस्त झाली. म्हणजे संपली की संपली.

सहादेव आणि मी तीस वर्षं साखर कारखान्यात मळीची दारू गाळली. निवृत्तीनंतर त्याला घशाचा कॅन्सर झाला. बाटलीचं कळल्यापासून त्याचा एकच धोशा. "इसहाक, एक घोट दे रं. जल्मभर गाळली, चांगली कंदी चाखली न्हाई."

"नाताळला फोडू."

"तवर मी हाय व्हय?"

"मरतोस कशाला, मुडद्या!" मी हसण्यावारी नेलं. खोटं कशाला बोलू, घसा गेलेल्या माणसावर वाया जाईल असं वाटलं मला. तो दिवाळीतच गेला.

दहावा पुणतांब्याला, गोदावरीच्या घाटावर. पिंडाला कावळा शिवेना. "पोरीचं लग्न करू," मेहुण्यानं हात जोडले. "घर सांभाळू," भाऊ म्हणाला. कावळे लिंबावरून हलेनात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाटलीची गोष्ट गावभर झाली होती.

गाडीवर घरी आलो. बाटली हातात घेतली, परत कपाटात ठेवली. म्हटलं, कावळ्याला काय कळतंय! वाटेत स्वस्तातली क्वार्टर घेतली, तांब्यात ओतली आणि घाटावर नेली.

सहादेवची बायको आक्काबाई पिंडापाशी बसली होती. तिनं तांब्या नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"इसहाकभाऊ, ही मळीची हाय. तीस वर्सं ह्याच वासाची कापडं धुतली म्या."

"अहो वहिनी..."

तिनं गुरुजींना दर्भाचा कावळा करून शिववायला सांगितला. मग माझ्याकडं वळली. "तुमच्यात कावळा शिवावा लागत न्हाई ना? बरं हाय. प्या निवांत."

नाताळला रॉबिनचा फोन आला. "पप्पा, जायच्या आधी काकांनी चाखली ना?"

"चाखली की. लई खूश झाला," मी म्हणालो. बाटली समोरच होती, सील न फोडलेली.