सहाची नऊ झालेली पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ लटकणं काही माझ्या नशिबी नाही. वारा नसला तरी मी खडखडते. का, ते ऐका.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. अंबरनाथला कारखान्याजवळ नव्या क्वार्टर्स उभ्या राहिल्या. पेंटरने मला पांढरा रंग देऊन वर काळाभोर इंग्रजी सहा काढला. गल्लीचा नियम सोपा होता. स्टेशनकडून आलं की डाव्या हाताला एक, तीन, पाच असे विषम आकडे आणि उजव्या हाताला दोन, चार, सहा असे सम. नवखा माणूस अर्धी गल्ली न बघताच घर गाठायचा. पोस्टमन माझ्याकडे बघून थांबला की मी फुशारून जायचे.

मग आमच्या घरात गुरुदत्त, त्याची बायको वृंदा आणि आई माई राहायला आले. मला बघताच माईंनी कपाळाला हात लावला.

"अगंबाई, पुन्हा सम?"

कल्याणला चार नंबरच्या खोलीत वृंदाचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. गणपतीला दूर्वा एकवीस, ओवाळायला सुवासिनी पाच, शुभ ते सगळं विषम, असं माईंचं ठाम मत!

"आई, नंबर पोस्टमनसाठी असतो, देवासाठी नाही," गुरुदत्त हसून म्हणाला.

माई हसल्या नाहीत. तो ड्यूटीवर जाताच त्यांनी सांडशीने माझे खिळे उपटले, मला उलटी केली आणि वरवंट्याने एकच खिळा ठोकला. झाला सहाचा नऊ! समोरच्या रांगेतली खरी नऊ नंबरची पाटी माझ्याकडे डोळे वटारून बघू लागली. गुरुदत्तने आईपुढे हात टेकले. पोस्टमन दोन दिवस चुकला, मग सरावला. पण नवखं कुणी आलं तर? या विचाराने माझ्या जिवाला चैन नव्हती.

आणि तो दिवस आलाच. भर दुपारी वृंदाला कळा सुरू झाल्या. निरोप मिळताच गुरुदत्तने कारखान्यातूनच कोंडाजी टांगेवाल्याला सहा नंबरचा पत्ता देऊन बदलापूरला पिटाळलं, तिथल्या नर्सबाईंना आणायला. इकडे वृंदा कळवळत होती. "माई, कुणी आलं का हो?" एवढंच विचारत होती.

घुंगरं वाजली. टांगा आला! कोंडाजी उजव्या हाताच्या पाट्या वाचत होता, "दोन, चार, नऊ, आठ... बाई, हितं सहा न्हाईच!"

"मग पुढची गल्ली असेल. चला लवकर!" नर्सबाई म्हणाल्या.

अहो, मी इथे आहे! मी जीव खाऊन खडखडले. पाटीचं कोण ऐकतं? टांगा वळला. घुंगरं लांब जाताना ऐकली आणि माईंना माझा उलटा आकडा आठवला. त्या अनवाणीच धावत बाहेर आल्या, मला हिसडा मारून उपटलं आणि रस्त्यात उभं राहून डोक्यावर नाचवलं.

"अहो टांगेवाले! सहा! हा बघा सहा!"

कोंडाजीने वळून पाहिलं. "आजी, आमाला सहा पायजे. ह्यो तं नऊ हाय!"

घाईत माईंनी मला उलटीच धरली होती! त्यांनी मला बघितलं. मग त्यांनी मला सुलटी केली.

"सहाच आहे रे बाबा. मीच उलटी केली होती. ये लवकर, माझी सून अडलीय!"

नर्सबाई पिशवी घेऊन आत धावल्या. ऊन कलता कलता बाळाचा ट्यांहां ऐकू आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप! माईंनी नात मांडीवर घेतली. डोळे दोन, कान दोन, हाताची बोटं दहा. मोजून झाल्यावर त्या सुनेकडे वळल्या.

"वृंदे, देवाने सगळं समच दिलंय गं!"

संध्याकाळी त्यांनी स्वतः मला सरळ लावली, वर एक आणि खाली एक असे दोन खिळे ठोकून.

मित्रांनो, आज माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात. दारावरची पाटी अधूनमधून पुसत जा, सरळ आहे ना ते बघत जा. आत कुणीतरी कुणाची वाट बघत असतं. माझा वरचा खिळा हलायला लागलाय, म्हणून वारा नसतानाही मी खडखडून हाका मारते. तो निसटला की खालच्या खिळ्यावर मी गर्रकन फिरणार आणि पुन्हा नऊ होणार. अरे, कुणीतरी वरवंटा आणा रे!