धुक्यात दिलेली हाक

मी एक जुने शिंग आहे, मित्रांनो. आधी बैलाच्या डोक्यावर होते, मग शिकाऱ्याच्या गळ्यात आले. बैल म्हातारा होऊन गेला, तेव्हा त्याच्या धन्याने मला उकळून आतला गाभा उपसला, टोक कापले आणि तापल्या सळईने भोक पाडले. जळक्या केसांसारखा वास घरभर कोंडला. पण त्याने मला ओठांना लावले आणि समोरचा डोंगर घुमला, तेव्हा सगळ्या वेदना मी विसरले.

त्या काळी डोंगरात शिकार ही हौस नव्हती. थंडीत शेते गोठली की सावजावरच घर जगायचे. रानात पांगलेली माणसे माझ्या हाकेवर गोळा होत. धन्यामागे मी त्याच्या दोन मुलांकडे आले. शिकार साधली की लोक भाल्याची पाठ थोपटत, कुत्र्याची थोपटत. मला गळ्यात अडकवायची चामड्याची वादी झिजली होती, तिकडे मात्र कुणी पाहिले नाही.

एका सकाळी ती तुटली. मला खुंटीवर टांगून दोघे भाऊ रानडुकराच्या मागावर गेले. दुपारनंतर धुके उतरले, इतके दाट की अंगणातून गोठा दिसेना.

घरात दोघी जावा होत्या. मागच्या शिकारीतला मोठा वाटा कुणी लाटला, यावरून दोघींचा अबोला चालला होता. एक चुलीपाशी, दुसरी दारापाशी. शेवटी थोरलीला राहवेना. तिने मला ओढून घेतले आणि अंगणातूनच जीव खाऊन फुंकले.

"थांबा!" धाकटी किंचाळली. "इथून नका फुंकू, जाऊबाई. आवाज समोरच्या कड्यावर आपटतो. त्यांना वाटेल घर तिकडंच आहे. पुढं दरी आहे!"

"घर इथं, आणि हाक दुसरीकडून देऊ? मला शिकवू नकोस."

"माझी शेळी अशीच गेली. मी इथून हाका मारल्या, ती कड्याकडं धावली. द्या इकडं!"

तिने मला हिसकावले आणि वरच्या खिंडीकडे पळत सुटली. तिथून आवाज थेट रानात उतरतो. मागून थोरली, शिव्या देत, ठेचकाळत. खिंडीत पोचेपर्यंत धाकटीचा श्वास फुलला. तिने फुंकले, तर नुसती हवा फुसफुसली. तिने मला थोरलीपुढे धरले.

"तुमच्या छातीत दम आहे. तुम्ही फुंका."

"आणि तुझं म्हणणं खोटं ठरलं तर?"

"तर जन्मभर ऐकून घेईन तुमचं. आधी फुंका!"

थोरली फुंकत राहिली. तिचे ओठ फाटले, रक्त माझ्या तोंडात उतरले. गारठ्याने मलाही चीर गेली. प्रत्येक हाकेनंतर दोघी कान देऊन उभ्या राहत. खालून काहीच नाही. पुन्हा हाक. पुन्हा काहीच नाही.

मग कुत्रा भुंकला.

धुक्यातून थोरला भाऊ वर आला. पाठीवर धाकटा होता, त्याची मांडी डुकराच्या सुळ्याने फाटलेली. त्याला खाली ठेवून थोरला कसाबसा म्हणाला, "आधी हाक कड्याकडून आली. तिकडंच चाललो होतो. पायाखालचा दगड सुटला, तो पडल्याचा आवाजच आला नाही. तिथंच खिळून राहिलो, तेवढ्यात मागून हाक आली."

थोरलीने अंगावरचे कापड फाडून दिराच्या मांडीला आवळले आणि जावेला म्हणाली, "पाय वर धर गं. हळू." धाकटा पुढे जन्मभर लंगडत चालला, पण जगला.

आता मी एका दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. माझ्यात कागदी फुले खोचली आहेत. पाहुणे म्हणतात, "छान आहे!" कुणी मला खाली उतरवत नाही. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू कधीतरी हातात घेऊन पाहा. आणि आपल्या माणसाला यायला उशीर झाला, तर रुसून आत बसू नका. बाहेर पडा, आपला आवाज त्याला कुठून ऐकू जाईल ते पाहा, आणि तिथे जाऊन हाक द्या.