चुळीतला कॅन्सर

"पिवळंच राहिलं! काळं पडलं नाही!" हॉलभर टाळ्या कडाडल्या. पांढऱ्या कोटातल्या माणसाने काचेचा ग्लास उंच धरला होता. आत माझ्या धाकट्या भावाच्या चुळीचं पाणी, त्यात बाटलीतले तपासणीचे थेंब. महिन्यापूर्वी याच थेंबांनी ते शाईसारखं झालं होतं.

"तो काळा रंग म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचं बियाणं! सर्जन झाड कापतो, बी तसंच राहतं. माझं पेप्टाइड बी हुडकून मारतं. ना सुई, ना सुरी, रोज एक चमचा!"

भावाने तिथेच जाहीर केलं, "सोमवारचं ऑपरेशन रद्द!"

"अरे, गाठ पोटात आणि परीक्षा तोंडाची?" मी म्हणाले.

"अक्का, तुला सायन्स कळत नाही."

कपाळावर हात मारून घेतला. याला महिनाभर समजावतेय. पालथ्या घड्यावर पाणी!

त्याची मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. ती उठली. "बाबा, पहिली चूळ कधी भरली होती?"

"जेवल्यावर लगेच."

"आणि आजची?"

"उपाशीपोटी, दात घासून. तसंच सांगितलं होतं यांनी."

ती तडक स्टेजवर गेली. आपल्या डब्यातला पाव चावला, चूळ भरली, ग्लास पुढे केला. "टाका थेंब."

"ताई, निरोगी माणसावर प्रयोग करत नसतात."

"टाका की!" मागून कोणी ओरडलं. तो हलेना, तेव्हा तिनेच बाटली उचलून थेंब टाकले. पाणी काळंभोर!

"अगं बाई, हिलाही झाला?" एक बाई कळवळली.

"मला कॅन्सर नाही, पाव झालाय!" पोरगी कडाडली. "हे आयोडीन आहे. पिठूळ पदार्थाला लागलं की काळं पडतं. जेवल्यावर तोंडात खरकटं असतं, दात घासले की नसतं. झालं!"

"पण पेप्टाइड?" भावाने विचारलं.

"पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा तुकडा. कॅन्सरच्या मूळ पेशी, म्हणजे त्याचं बी, मारणारी पेप्टाइडं प्रयोगशाळांत शोधतायत, ते खरं. पण चमच्याने प्यायलेलं हे औषध पोट अंड्यासारखं पचवून टाकणार. गाठीपर्यंत पोचणार काय?"

कोटवाला बॅग आवरू लागला. तरी त्या बाईने विचारलंच, "असू दे हो, एक बाटली द्याल?" मला रडावं की हसावं कळेना.

भाऊ खुर्चीतच बसून होता. "म्हणजे मी बरा झालोच नाही?"

लेकीने त्याचा हात धरला. तो म्हणाला, "हॉस्पिटलला फोन लाव. सोमवार अजून आपलाच आहे का बघ."

बाबांनो, शंका आली तर डॉक्टरला दहा वेळा विचारा, भांडा हवं तर. पण चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एवढं तरी विचारा: तोंड धुतलं होतं का?