चौथं लिंबू

प्लास्टरमधला हात पोटाशी धरून मथुराने दुसऱ्या हाताने विमानावरची ताडपत्री खसकन ओढली. मोडका पंख उघडा पडला, तशी मागे उभ्या असलेल्या तिच्या आईने, रत्नाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला.

"रडायचं असेल तर बाहेर थांब, अम्मा."

हँगरच्या दारात मुख्य प्रशिक्षक शेषगिरी उभे होते. त्यांच्या लेखी निकाल केव्हाच लागला होता. पोरगी एकटी उडाली, उतरताना आडवा वारा आला, हिची पाचावर धारण बसली आणि विमान धावपट्टी सोडून चरात गेलं. विमान उघडून बघायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. मुलगी म्हटली की पाय लटपटायलाच हवेत ना! सोमवारी तिचं नाव उड्डाणशाळेतून कमी होणार होतं.

"डावं पेडल दबलंच नाही, सर. मी जोर लावत होते."

"भीतीने पाय जड होतो. त्यात लाज कसली? घरी जा."

"पाय माझा आहे. तो काय करत होता, ते मला विचारा."

ती कॉकपिटमध्ये शिरली, वाकली आणि विमानाची दिशा सांभाळणाऱ्या डाव्या पेडलच्या मागे हात घातला. खाचेत बोटांना काहीतरी चामट लागलं. ओढून काढलं, तर चेपलेलं, वाळून काळपट झालेलं लिंबू. सालीवर कुंकू अजून होतं.

यंदाच्या खंडेनवमीला, विमानांच्या आयुधपूजेला, अम्माच घरून लिंबं घेऊन आली होती. तीन चाकं, तीन लिंबं. चाकांखाली फुटली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चौथं तिने दृष्ट लागू नये म्हणून लेकीच्या सीटखाली गुपचूप सरकवलं असणार आणि ते घरंगळत पेडलमागे गेलं असणार. दुसऱ्याच दिवशी मथुरा एकटी उडाली होती.

तिने मूठ मिटली. उघडावी तर बेंगळूरभर आईचं हसं, न उघडावी तर अख्ख्या भावकीशी भांडून मिळवलेलं आकाश हातचं जाणार. आईचा तिला भयंकर राग आला. तरीही खाली उतरल्यावर तिने मूठ सोडली नाही.

रत्नाबाईंनी मात्र ते कुंकू पाहिलं होतं. त्यांनी लेकीची बोटं एकेक करून उलगडली आणि लिंबू शेषगिरींपुढे धरलं.

"हे माझं, अण्णा. मीच ठेवलं होतं. पोरीला भित्री म्हणालात ना, ते आता परत घ्या."

"अक्का, पेडल अडकलं याने! ती मेली असती!"

"ते मला जन्मभर छळणार आहे, तुम्ही नका सांगू. ती परत कधी उडणार, तेवढं सांगा."

शेषगिरींनी लिंबू हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हात बरा होऊ दे. मग बघू."

"बघू नाही, सर," मथुरा म्हणाली. "उडणार."

"सरी, ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "उड."

हात बरा झाल्यावर मथुरा दुसऱ्या विमानात बसली. आधी तिने सीटखाली नीट चाचपून घेतलं, मग मान वळवली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या रत्नाबाईंनी दोन्ही हात वर करून रिकामे तळवे दाखवले. तेवढ्यावर भागेना, म्हणून पदरही झटकून दाखवला.

मथुराने डावं पेडल शेवटपर्यंत दाबून पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.